भामिनीचा वेषपालट : ‘संगीत मानापमान’ नाटकासंबंधीं कांहीं विचार

श्रीमंतानें गरिबाचा वेष घ्यावा आणि त्या वेषांत त्याला जगाचें खरें रूप दिसावें, ही कल्पना फार जुनी आहे. रात्रीं वेष पालटून नगरांत हिंडणाऱ्या राजांच्या गोष्टी आम्ही सर्वांनींच लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत. परंतु वेष पालटणारा राजा नसून लग्नाच्या वयाची एक धनिककन्या असेल, आणि तिला पाहावयाचें आहे तें प्रजेचें सुखदुःख नसून एका पुरुषाचें मन असेल, तर त्या गोष्टीची गोडी निराळीच होते. मराठी रंगभूमीवर अशी गोष्ट एकदां सांगितली गेली, आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राच्या कानांत गुंजत राहिली आहे. ती म्हणजे कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘संगीत मानापमान’ हें नाटक होय.

या नाटकाविषयीं लिहिण्यास निमित्त घडलें तें असें. २०२५ सालच्या जानेवारी महिन्यांत या नाटकावरून तयार केलेला चित्रपट प्रसिद्ध झाला. त्या वेळीं वरच्या वर्गांत त्याची चर्चा निघाली. आम्हीं मूळ नाटकाचें कथानक फळ्याजवळ उभें राहून थोडक्यांत सांगितलें. तें ऐकून एका विद्यार्थिनीनें विचारलें, “पण ही तर सरळ सरळ फसवणूक झाली! खोटें नांव सांगून जोडलेलें प्रेम खरें कसें म्हणावें?” प्रश्न मार्मिक होता. तास संपल्याची घंटा झाली म्हणून आमची त्या दिवशीं सुटका झाली. परंतु प्रश्न मनांतून जाईना. या लेखांत त्याचें उत्तर देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहों.

प्रथम नाटककाराविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. खाडिलकरांचा जन्म १८७२ सालीं सांगली येथें झाला. पुढें ते लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ पत्रांत काम करूं लागले. त्यांचें ‘कीचकवध’ हें नाटक १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. महाभारतांतील कथेच्या आडून तत्कालीन राज्यकर्त्यांवर त्यांत टीका केलेली आहे, हें प्रेक्षकांच्या ध्यानांत आलें, तसेंच तें सरकारच्याही ध्यानांत आलें. आणि १९१० सालीं त्यावर बंदी पडली. अशा करारी लेखणीचा हा पुरुष पुढच्याच वर्षीं एक हंसतें-खेळतें प्रेमनाट्य घेऊन लोकांसमोर आला. ‘मानापमान’ हें खाडिलकरांचें पहिलेंच संगीत नाटक. त्याचा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीनें १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस केला. त्यानंतर ‘विद्याहरण’, ‘स्वयंवर’, ‘द्रौपदी’ हीं त्यांचीं संगीत नाटकें एकामागून एक आलीं. १९२३ सालीं त्यांनीं ‘नवाकाळ’ हें दैनिक काढलें आणि १९४८ सालीं ते निवर्तले.

आतां कथानकाकडे वळूं. भामिनी ही एका धनाढ्य घरची लाडकी मुलगी. वडिलांच्या मनांत तिला धैर्यधर या शूर सेनापतीस द्यावयाचें आहे. धैर्यधराजवळ पराक्रम आहे, शील आहे. नाहीं तो पैसा. दुसऱ्या बाजूस लक्ष्मीधर नांवाचा एक श्रीमंत तरुण आहे. त्याच्या अंगावर दागिने पुष्कळ. अंगांत धैर्य मात्र मुळींच नाहीं. ऐश्वर्यांत वाढलेल्या भामिनीला धैर्यधराची गरिबी खुपते आणि ती त्याचा अपमान करते. मानी धैर्यधराच्या मनास तो घाव खोल लागतो. पुढें भामिनी ‘वनमाला’ असें नांव घेऊन एका गरीब मुलीच्या वेषांत धैर्यधराच्या सहवासांत येते. ज्याला पैशाच्या मापानें मोजून टाकून दिलें होतें, त्याची खरी योग्यता तिला जवळून दिसूं लागते. संकटाच्या प्रसंगीं लक्ष्मीधराचें भित्रेपण उघडें पडतें आणि धैर्यधराचें शौर्य उजळून निघतें. इकडे धैर्यधरही या साध्या वनमालेवर अनुरक्त होतो. शेवटीं वनमाला हीच भामिनी हें उघड होतें, मानापमानाचा हिशेब मिटतो आणि विवाहानें नाटक संपतें.

वाचकांनीं या नाटकांतील नांवांकडे जरा लक्ष द्यावें. खाडिलकरांनीं तीं सहज ठेवलेलीं नाहींत. धैर्य धारण करणारा तो धैर्यधर, आणि लक्ष्मी धारण करणारा तो लक्ष्मीधर. एकाची संपत्ति आंत आहे, दुसऱ्याची बाहेर. ‘भामिनी’ या संस्कृत शब्दाचा अर्थ रूपवती पण रागीट स्त्री असा आहे. आणि ‘वनमाला’ म्हणजे रानफुलांची माळ. रत्नांचा हार उतरवून रानफुलांची माळ घालावी, तसें भामिनीनें आपलें नांव बदललें. रत्नहार पिढ्यान्‌पिढ्या तिजोरींत राहतो. रानफुलांची माळ एका दिवसाची असते, परंतु तिला सुगंध असतो. नाटकाचें सारें मर्म या दोन नांवांत सांठविलेलें आहे, असें आम्हांस वाटतें.

वेषपालट हा आनंदपर्यवसायी नाटकाचा एक हुकमी डाव आहे. त्याची मौज कशांत असते? प्रेक्षकांना जें ठाऊक आहे, तें रंगभूमीवरील पात्रांपैकीं एकाला ठाऊक नसतें. मौज असते ती यांत. वनमालेशीं बोलतांना धैर्यधर भामिनीची निंदा करतो, तेव्हां त्याच्या दृष्टीनें तें साधें बोलणें असतें. वनमालेच्या मनाला तो चिमटा असतो. आणि दोहोंकडील मर्म जाणणाऱ्या प्रेक्षकांच्या ओठांवर हंसूं उमटतें. एकाच वाक्याचे असे तीन अर्थ तीन ठिकाणीं पोहोंचतात. आमच्या रंगभूमीला हा डाव नवा नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या ‘सौभद्र’ नाटकांत अर्जुन यतीचा वेष घेऊन सुभद्रेच्या घरीं येतो, तेथें हीच मौज आहे. फरक इतकाच कीं, तेथें वेष पुरुषानें घेतला आहे आणि तो प्रिया मिळविण्यासाठीं घेतला आहे. भामिनीचा वेष तिला स्वतःला शहाणें करतो.

इंग्रजी वाङ्मयाशीं परिचय असणाऱ्या विद्यार्थ्यांना येथें ऑलिव्हर गोल्डस्मिथ याच्या १७७३ सालीं लंडन येथें प्रथम झालेल्या विनोदी नाटकाची आठवण होईल. त्यांतील नायक मार्लो मोठ्या घरच्या स्त्रियांपुढें तोंड उघडीत नाहीं, पण हलक्या दर्जाच्या स्त्रियांशीं बोलतांना मात्र त्याला कंठ फुटतो. म्हणून केट हार्डकॅसल ही घरंदाज मुलगी साध्या पोशाखांत खाणावळीतील दासी बनून त्याच्यापुढें येते आणि त्याला बोलतें करते. पुढें चित्रपटांच्या युगांत, १९३४ सालीं, अमेरिकेंत घरांतून पळून सामान्य माणसांच्या बसमधून प्रवास करणाऱ्या एका लक्षाधीशाच्या कन्येची कथा गाजली. आणि तिच्याच धर्तीवर १९५६ सालीं ‘चोरी चोरी’ हा हिंदी चित्रपट निघाला. म्हणजे ही गोष्ट देशोदेशीं फिरली आहे. परंतु तुलना करतां एक भेद स्पष्ट दिसतो. केट वेष पालटते ती नायकाचा दोष घालविण्यासाठीं. तिच्या स्वतःच्या दृष्टींत दोष नाहीं. भामिनीच्या बाबतींत दोष प्रथम तिच्याच दृष्टींत आहे. श्रीमंतीच्या चष्म्यांतून तिला धैर्यधर दिसतच नव्हता. तो चष्मा काढावयाचा तर श्रीमंतीच उतरवून ठेवणें भाग होतें.

आणि धैर्यधराचें काय? तोही सर्वस्वीं डोळस नव्हता. भामिनी जर आपल्या खऱ्या नांवानें पश्चात्ताप सांगावयास त्याच्यापुढें आली असती, तर त्यानें तिचें ऐकून घेतलें असतें काय? आम्हांस शंका वाटते. अपमान झालेल्या माणसाला समोरचें माणूस दिसत नाहीं, आपला अपमानच दिसतो. भामिनीच्या डोळ्यांवर धनाचा पडदा होता, तर धैर्यधराच्या डोळ्यांवर अभिमानाचा. म्हणूनच नाटकाचें नांव नुसतें ‘मान’ नाहीं कीं नुसतें ‘अपमान’ नाहीं. तें ‘मानापमान’ आहे. वनमाला या तिसऱ्याच व्यक्तीजवळ दोघांची गांठ पडते, कारण तेथें धनही नाहीं आणि जुना घावही नाहीं.

आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें मिळतें. वनमाला हें नांव खोटें, परंतु वनमालेच्या रूपानें जी मुलगी वागली ती खोटी नव्हती. जी फसवणूक दुसऱ्याचें कांहीं हिरावून घेण्यासाठीं केली जाते ती लबाडी. येथें भामिनीनें धैर्यधराचें कांहीं घेतलें नाहीं. उलट आपला मान तिनें आधीं खालीं ठेवला. तथापि हें अर्धेंच उत्तर आहे हें आम्ही मान्य करतों. उरलेल्या अर्ध्याकडे पुढें येऊं.

तत्पूर्वीं या नाटकाच्या प्रयोगाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण त्यांतही वेष आणि सत्य यांचा एक विलक्षण खेळ आहे. पहिल्या प्रयोगांत धैर्यधराची भूमिका नानासाहेब जोगळेकर यांनीं केली, लक्ष्मीधराची गणपतराव बोडस यांनीं, आणि भामिनीची नारायण श्रीपाद राजहंस यांनीं. हेच महाराष्ट्राचे बालगंधर्व. त्या काळीं स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत. म्हणजे एक पुरुष धनिककन्या बनला आणि ती धनिककन्या पुन्हां गरीब मुलगी बनली. वेषावर वेष चढला. बालगंधर्वांच्या साड्यांची व अलंकारांची नेसण्या-घालण्याची ढब मोठमोठ्या घरांतील स्त्रिया उचलीत, इतका तो वेष लोकांस खरा वाटे. या नाटकांतील पदांना गोविंदराव टेंबे यांनीं चाली दिल्या. हिंदुस्थानी रागदारी आणि ठुमरी-दादऱ्याचा रंग त्यांनीं मराठी नाट्यपदांत आणला, आणि तीं पदें घरोघरीं गेलीं.

परंतु पहिल्या प्रयोगाच्या दिवशीं जें घडलें तें कोणाही सहृदय माणसाला चटका लावील. त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. मंडळी प्रयोग पुढें ढकलावयास तयार होती. तथापि आलेल्या प्रेक्षकांचा विरस होऊं नये म्हणून बालगंधर्वांनीं रंग लावला आणि भामिनीची हंसरी, मानी, खट्याळ भूमिका पार पाडली. त्या रात्रीं टाळ्या वाजविणाऱ्यांना भामिनीच्या वेषाआड वनमाला दिसत होती; त्याही आड एक दुःखी बाप उभा होता, तो मात्र कोणाला दिसला नसेल. माणसें श्रीमंती लपवितात, गरिबी लपवितात, आणि कधीं कधीं दुःखही लपवितात.

याच नाटकाच्या इतिहासांतील दुसरा संस्मरणीय दिवस म्हणजे ८ जुलै १९२१. तोंपर्यंत किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडून १९१३ सालीं निघालेली गंधर्व नाटक मंडळी, आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श, या दोन्ही कंपन्या कीर्तीच्या शिखरावर होत्या. दोघांचे चाहते एकमेकांशीं हिरिरीनें भांडत. अशा दोन प्रतिस्पर्ध्यांनीं टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईस एकत्र येऊन ‘मानापमान’ केलें. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. तोच हा ‘संयुक्त मानापमान’. मानापमानाच्या नाटकासाठीं दोन मानी कलावंतांनीं आपापला मान बाजूस ठेवला, हा योग खरोखर मोठा आहे. दुर्दैवानें त्याच वर्षीं ४ ऑक्टोबर रोजीं, ऐन उमेदींत, केशवराव कालवश झाले आणि ती जोडी पुन्हां दिसण्याची आशा संपली.

आमच्या ठाणें-कल्याण भागाला नाटक परकें नाहीं. १८५३ सालीं देशांतील पहिली प्रवासी आगगाडी मुंबईहून ठाण्यास आली, पुढच्या वर्षीं रूळ कल्याणपर्यंत गेले, आणि नंतर पुण्याकडील लोहमार्ग तयार झाल्यावर मुंबई व पुणें या दोन नाट्यनगरींमधील वाट आमच्या दारावरूनच जाऊं लागली. आज ठाण्यास गडकरी रंगायतन आहे, कल्याणास आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीस सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. ज्या गडकऱ्यांचें नांव ठाण्याच्या नाट्यगृहास दिलें आहे, ते राम गणेश गडकरी स्वतः कांहीं काळ किर्लोस्कर नाटक मंडळींतच होते. ज्यांना नाटक पाहण्याचा योग येत नसेल त्यांनीं निदान वाचावें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं निघालें आणि कल्याणचें सार्वजनिक वाचनालय त्याहूनही जुनें, १८६४ सालचें आहे. अशा ग्रंथालयांच्या कपाटांत जुनीं नाटकें वाचकांची वाट पाहत असतात.

आतां उरलेल्या अर्ध्या उत्तराकडे येऊं. तें आम्हांस पुस्तकांत सांपडलें नाहीं, वर्गांतच सांपडलें.

वर सांगितलेला चित्रपट पाहण्यास जाण्याचा बेत कांहीं मुलांनीं ठरविला. कोणी डोंबिवलीहून, कोणी कळव्याहून येणार. ठाणें स्टेशनावर जमावयाचें आणि मिळून जावयाचें. सर्वांनीं उत्साहानें नांवें दिलीं. एक मुलगा मात्र म्हणाला, “मला गाण्याबजावण्याची आवड नाहीं.” मुलांनीं त्याची थट्टा केली आणि विषय तेथेंच राहिला. कांहीं दिवसांनीं मधल्या सुट्टींत कोणी नाहीं असें पाहून तोच मुलगा खिडकीशीं उभा राहून एक नाट्यपद गुणगुणत असलेला आम्हीं ऐकला. स्वर सच्चा होता. आम्हीं जवळ बोलावून विचारलें, तेव्हां प्रथम तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “तिकिटाचे आणि नंतरच्या खाण्याचे पैसे घरीं मागवत नव्हते.” आजोबांकडून ऐकून ऐकून त्याला ‘मानापमाना’तील दोन-तीन पदें पाठ होतीं. सबंध वर्गांत ज्याला तो चित्रपट पाहण्याची खरी ओढ होती, तोच मागें राहिला होता.

त्या दिवशीं आम्हांस भामिनीचा वेष निराळ्या प्रकाशांत दिसला. भामिनीनें गरिबी पांघरली. ती अंगावरची शाल होती, मनांत येईल तेव्हां काढून ठेवण्यासारखी. वनमालेला उपाशी निजावें लागलें नाहीं, कारण वनमालेच्या मागें भामिनीचें घर उभें होतें. म्हणूनच तिचा वेष आनंदाचें नाटक होऊं शकतो. या मुलानेंही वेषच घेतला होता, आवड नसल्याचा. परंतु त्यानें जें लपविलें तें तो काढून ठेवूं शकत नव्हता. श्रीमंत मनुष्य आपली श्रीमंती लपवितो तेव्हां लोक हंसतात आणि टाळ्या वाजवितात. गरीब आपली गरिबी लपवितो तेव्हां तें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. हा फरक खाडिलकरांच्या नाटकांत मांडलेला नाहीं, आणि तो त्यांत असावा असा हट्टही नाहीं. प्रेमनाट्याची ती मर्यादा आहे. परंतु वाचकानें ती ओळखली पाहिजे.

येथेंच आमच्या विद्यार्थिनीच्या शंकेचें पूर्ण उत्तर आहे, असें आम्हांस वाटतें. भामिनीचा वेष फसवणूक ठरतो कीं नाहीं, हें तिनें वेष उतरविल्यानंतर काय केलें यावर अवलंबून आहे. पुन्हां दागिने घालतांच ती वनमालेला विसरली असती, धैर्यधराला पुन्हां पैशाच्या तराजूंत घातलें असतें, तर तो सारा खेळ एका श्रीमंत मुलीची करमणूक ठरला असता. परंतु वनमाला होऊन जें तिनें पाहिलें, तें भामिनी झाल्यावरही तिनें टाकलें नाहीं. वेष गेला, दृष्टि राहिली. जी लबाडी शेवटीं आपल्यालाच अधिक खरें करते, तिला लबाडी हें नांव फारसें शोभत नाहीं.

आम्ही सर्वजण शाळेंत रोज एक वेष घालतों. गणवेष हा एका अर्थानें वनमालेचाच वेष आहे. त्यांत कोण लक्ष्मीधर आणि कोण धैर्यधर हें चटकन्‌ ओळखूं येत नाहीं, आणि येऊं नये म्हणूनच तो आहे. परंतु डबा उघडला, सहलीची वर्गणी मागितली, वाढदिवसाच्या गोष्टी निघाल्या कीं, गणवेषाच्या आंतलें कांहीं कांहीं दिसूं लागतें. पुढें हींच मुलेंमुली मोठीं होतील, घरांत लग्नाचीं बोलणीं निघतील, आणि ‘मुलगा कसा आहे?’ या प्रश्नाला ‘स्वतःचें घर आहे, पगार चांगला आहे’ असें उत्तर मिळेल. हुंड्याला बंदी करणारा कायदा १९६१ सालीं झाला. परंतु माणसाला पैशानें मोजण्याच्या संवयीला बंदी करणारा कायदा अद्याप कोणी केला नाहीं, आणि करतां येणारही नाहीं. ती संवय ज्याची त्यानेंच सोडावयाची असते, भामिनीनें सोडली तशी.

असो. त्या मुलाची गोष्ट अर्धी राहिली. आम्हीं ती कोणासही सांगितली नाहीं. परंतु स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या वेळीं पेटी वाजविणाऱ्या एका विद्यार्थ्यास आम्ही सहज म्हणालों, “या वर्षीं एखादें नाट्यपद झालें तर बरें होईल, वर्गांत कोणाला येतें का बघा.” आठ दिवसांनीं ते दोघे मधल्या सुट्टींत सभागृहाच्या पायरीवर सराव करीत बसलेले दिसले. पेटीवाला सुखवस्तु घरचा, गाणारा हा आमचा मुलगा. चाल पेटीवाल्याला येत नव्हती. ती गाणारा त्याला शिकवीत होता. “नाहीं, नाहीं, येथें जरा थांबायचें,” असें तो मोठ्या अधिकारानें सांगत होता आणि दुसरा मुकाट्यानें ऐकत होता. आम्ही दुसऱ्या जिन्यानें वर गेलों.